उगाच

अभ्यासरजेच्या अर्जात 'प्रयोजन' नावाचा एक रकाना असतो. मी तिथे लिहिलं होतं, 'अपंगत्व अभ्यास या विषयात पदव्युत्तर शिक्षण'. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी मायेने विचारलं, "मॅडम, पण कशाला?"

त्यांचा हेतू वाईट नव्हता. माझं वय ३८, नोकरी कायमची. या पदवीने ना बढती मिळणार होती, ना वेतनवाढ. "शिवाय," ते म्हणाले, "त्यातलं सगळं तुम्हाला लहानपणापासून माहीतच आहे की." मी म्हणाले, "सर, शिकावंसं वाटतंय." हे उत्तर त्या रकान्यात बसत नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून एक वाक्य तयार केलं, 'कार्यालयातील दिव्यांग कर्मचारी व अभ्यागत यांच्या सोयीसुविधांच्या नियोजनास उपयुक्त', आणि अर्ज मंजूर झाला.

घरी जाताना गाडीत बसल्यावर लक्षात आलं, हा प्रश्न मला नवा नाही. आयुष्यात माझ्या कानावर सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द पडला असेल, तर तो हाच. कशाला?

माझा जन्म परळचा, १९८४ चा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्या अडीच लाख कामगारांतले एक माझे वडील. मी जन्मले तेव्हा ते गिरणीत 'होते' असं म्हणायचं की नाही, हे घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. चौदा महिन्यांची असताना मला ताप आला. तो उतरला तेव्हा उजवा पाय गेला होता. पोलिओचा विषाणू स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारतो, स्पर्शाच्या पेशींना हात लावत नाही. त्यामुळे पाय हलत नाही, पण त्याला मुंगी चावलेली कळते, चटका कळतो, आई तेल लावायची ते कळायचं. देशभरची पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली, म्हणजे मी अकरा वर्षांची असताना. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं. मी ऑफिसात पेढे वाटले. कुणीतरी विचारलं, "पण मॅडम, आता तुम्हाला त्याचा काय उपयोग?"

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झालेल्या. मी त्या ५४ पायऱ्या उजवा हात मांडीवर दाबून, पाय मागे सरळ ठेवून, एकेक करत चढायचे. पोलिओवाल्यांची ही चाल ओळखू येते. कुणीही शिकवलेली नसते, प्रत्येक मूल ती स्वतःच शोधून काढतं. पायाला आधार देणारं कॅलिपर मिळालं हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेतून. १९५५ पासूनची ती संस्था आमच्यासारख्या घरांत नुसती 'हाजीअली' म्हणून ओळखली जाते. त्या कॅलिपरच्या पट्ट्यांचा कच्च्या चामड्याचा वास अजून माझ्या नाकात आहे.

चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको, 'खाली' ही नुसती दिशा नसते. खाली पोरं विटीदांडू खेळतात, खाली गणपतीचा मांडव पडतो, खाली गोविंदाचे थर लागतात, खाली कुणाचं कुणाशी जमतं. दिवसातून दहा वेळा प्रत्येक घरातून हाक जायची, "आई, खाली जाते गं." हेच मी म्हटलं की आई विचारायची, "कशाला?" कारण मी गेले की परत वर आणायचं काम तिचं. शाळा हे कारण चालायचं. हाजीअली चालायचं. लग्न, बारसं, दिवाळीत एखादी संध्याकाळ. 'सगळ्या गेल्यात म्हणून' हे कारण चालायचं नाही. नुसतं उभं राहायला, हवेला, काही न करायला मी खाली गेल्याचं मला आठवत नाही. मी कठड्याला टेकून वरून सगळं बघायचे. आमच्या चाळीच्या अंगणाचा नकाशा आजही मी वरून दिसतो तसाच काढू शकेन. त्यातल्या माणसांचे चेहरे नाहीत, भांग दिसतात.

सहावीत शाळेच्या स्नेहसंमेलनात एका नाचात मागच्या रांगेत उभं राहायला मला घेतलं होतं. बाकं जोडून, वर सतरंजी टाकून स्टेज केलेलं. दोन बाकांच्या मधे माझा बूट अडकला आणि मी पडले. "खाली फट आहे," मी म्हणाले. एक मुलगी पटकन म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि मीसुद्धा. ती म्हण माझ्यात रुतून बसली. त्यानंतर पुढची पंचवीस वर्षं मी कुठल्याही अंगणाबद्दल तक्रार केली नाही. बँकेचं काउंटर उंच असलं तर टाच उचलली, संडासात धरायला काही नसलं तर नळाला धरलं, परीक्षेचं केंद्र तिसऱ्या मजल्यावर आलं तर तासभर आधी गेले.

आणि मग वर्गातला पहिला महिना. मॅडमनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'इम्पेअरमेंट' आणि 'डिसॅबिलिटी', आणि यांना मराठीत काय म्हणाल असं विचारलं. आम्ही चौघं मराठी बोलणारे होतो. पहिल्याला व्यंग, दोष, न्यूनता असं काही सुचलं. दुसऱ्याला अपंगत्व. पण आपल्या बोलण्यात दोन्हींना मिळून अपंगत्व हा एकच शब्द, आणि तो माणसाला चिकटलेला. त्या दिवशी आम्ही पॉल हंट यांच्याबद्दल वाचत होतो. ते इंग्लंडमधल्या एका निवासी संस्थेत राहिलेले, चाकाच्या खुर्चीवरचे गृहस्थ. तिथल्या रहिवाशांची भांडणं कशावरून व्हायची? रात्री झोपायचं किती वाजता हे आमचं आम्हाला ठरवू द्या, यावरून. १९७२ मध्ये हंट यांनी एका वर्तमानपत्रात पत्र लिहून आपल्यासारख्या लोकांना एकत्र यायची हाक दिली. त्यातून संघटना उभी राहिली. तिच्यात व्हिक फिंकेलस्टाइन होते, वर्णद्वेषाविरुद्ध लढताना दक्षिण आफ्रिकेत तुरुंगवास भोगून ब्रिटनमध्ये आलेले. त्या मंडळींनी १९७६ मध्ये स्वच्छ मांडलं की शरीरात जे कमी आहे ते एक, आणि समाजाच्या रचनेमुळे माणूस बाहेर फेकला जातो ते वेगळं. अपंगत्व म्हणायचं ते या दुसऱ्याला. १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी या विचाराला 'सोशल मॉडेल' हे नाव दिलं.

वर्गात कुणी उत्साहाने वहीत लिहून घेत होतं, कुणी शंका काढत होतं. मी गप्प होते. मला बाकांमधली फट दिसत होती. चार बोटांची, सतरंजीखाली लपलेली. अंगण खरंच वाकडं होतं! हे एवढं साधं वाक्य मला कुणी सहावीत का सांगितलं नाही, म्हणून रडू येत होतं. आणि आपल्या भाषेने त्या वाक्याची आधीच म्हण करून ठेवली आहे, हे बोलणारा आपोआप हास्यास्पद ठरावा अशी, याचा रागही येत होता.

मॅडमनी मला बोलतं केलं. मी म्हण सांगितली, तिचा अर्थ सांगितला. त्यावर नांदेडकडून आलेल्या एका मुलाने अष्टावक्राची गोष्ट काढली. आठ ठिकाणी वाकडं शरीर, जनकाच्या सभेत पंडित हसले, आणि तो म्हणाला, मला वाटलं होतं ही ज्ञान्यांची सभा आहे, ही तर कातडं पारखणाऱ्या चर्मकारांची निघाली. लहानपणी ही गोष्ट मला फार आवडायची, माझ्या बाजूने बोलणारी ती एकच गोष्ट होती. तो मुलगा म्हणाला, "ताई, मी त्या समाजातला. तुमचा अष्टावक्र स्वतः वर येताना आम्हाला खाली ढकलून येतो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं कॅलिपर शिवणारे हात कुणाचे होते, हा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

साहेब म्हणाले होते, सगळं माहीतच आहे. खरं सांगायचं तर मला फार थोडं माहीत होतं. मला माझा पाय माहीत होता. शेजारी बसणारा अंध मित्र मला माहीत नव्हता. पुस्तकांची पानं नुसता फोटो काढून पीडीएफ केलेली असली, की त्याचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यातलं एक अक्षर वाचत नाही. त्याच्या कानात शांतता पसरते, आणि आम्ही तेवढ्यात दहा पानं पुढे गेलेलो असतो. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला तेव्हा तो शाळेत होता. तो सांगायचा, "नाव बदललं त्या वर्षीही माझी पुस्तकं सप्टेंबरातच आली." आम्ही पाळी लावून त्याच्यासाठी मजकूर टाइप करायला लागलो, तर महिन्याभराने त्यानेच थांबवलं. हे संस्थेचं काम आहे, तुम्ही केलंत तर ते कधीच होणार नाही, म्हणाला. चार अर्ज केले, आणि झालं. तेव्हा मला त्याचा थोडा राग आला होता. मैत्रीत कसले अर्ज, असं वाटलं होतं. तो राग मी लक्षात ठेवला आहे. पुढे मला तो उपयोगी पडला.

आणि एक गोष्ट मात्र मला माहीत होती, जी त्या वाचनात लवकर सापडली नाही. माझा पाय दुखतो. पोलिओ होऊन तीसेक वर्षं झाली की काहींना नव्याने अशक्तपणा येतो, थकवा येतो, दुखणं सुरू होतं. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. मला तो पस्तिशीत सुरू झाला. सगळी मुंबई सपाट केली, प्रत्येक स्टेशनला लिफ्ट लावली, तरी रात्री दोन वाजता मांडीत जे पिळवटतं ते थांबणार नाही. सोशल मॉडेलच्या उत्साहात हे बोलायला मला आधी अपराधी वाटायचं, जणू मी फितूर झाले. मग लिझ क्रो यांचं लेखन वाचनात आलं. १९९० च्या दशकात त्यांनी चळवळीच्या आतूनच म्हटलं होतं की वेदना, थकवा याबद्दल आपण गप्प बसतोय, आणि हे गप्प बसणं आपल्याला परवडणारं नाही. अंगण वाकडं असतंच, पायही दुखतोच. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मान्य करायला मला पहिलं पूर्ण वर्ष लागलं.

लोकलमधल्या आमच्या डब्याबद्दल किती लिहावं! त्या डब्यात अपंग, कर्करोगाचे रुग्ण, गर्भवती बायका यांना चढता येतं. एकदा भांडुपला एक तरुण मुलगी चढली, नीट चालत. लगेच आवाज आला, "ओ ताई, तुम्हाला काय झालंय? धडधाकट दिसताय." तिने पर्समधून कार्ड काढलं. सिकलसेल. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया असे रक्ताचे आजार आले. पण कायद्यात आलेली गोष्ट डब्यात यायला वेळ लागतो. विचारणारा माणूस स्वतः कुबड्यांवर होता. त्याचीही बाजू मला कळते. त्या डब्यात रोज फुकट घुसणाऱ्यांशी भांडून तो थकलेला होता. तरी ती मुलगी कार्ड परत ठेवताना ज्या तऱ्हेने खिडकीबाहेर बघत होती, ते मी ओळखलं. आम्हाला सगळीकडे कारण दाखवावं लागतं. टक्केवारीसह. माझं ५५ टक्के आहे. डॉक्टर पायाच्या प्रत्येक स्नायूला शून्य ते पाच असे गुण देतात आणि त्यावरून बेरीज होते. ४० च्या खाली गेलात तर आरक्षण नाही.

अभ्यासक्रमात कायद्याचा पेपर आला तेव्हा मी घरी बसून भारताचं संविधान मराठीत वाचलं. कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, असं पुन्हा पुन्हा वाचलं. आमचा शब्द त्यात नाही. आम्ही सापडतो कलम ४१ मध्ये, बेकारी, म्हातारपण, आजार यांच्या पंगतीत, राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे साहाय्य करावं अशांमध्ये. म्हणजे समानतेच्या पानावर नाही, मदतीच्या पानावर. हे समजून घ्यायला मला कुणी प्राध्यापक लागला नाही. मी तिसऱ्या मजल्यावर वाढले होते.

प्रबंधाचा विषय त्यातूनच निघाला. लिफ्ट नसलेल्या इमारतींत वरच्या मजल्यांवर अडकलेल्या बायका. मी बीडीडी चाळी निवडल्या. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या या चाळी, तळमजला अधिक तीन. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामायिक संडास. मोजपट्टी घेऊन फिरले. पायरीची उंची, दाराची रुंदी, संडासाचं अंतर. पुस्तकात लिहिलेलं असतं की एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा आणि चाकाची खुर्ची जायला दार ९०० मिलिमीटर हवं. चाळीतल्या जिन्यात बारा फूट लांब असं एकच असतं, ते म्हणजे वाळत घातलेली साडी.

अकरा बायकांशी बोलले. पहिल्याच दिवशी अडचण आली, त्यांतल्या आठजणी म्हणाल्या, "मी अपंग नाही हो. माझे गुडघे गेलेत." किंवा, "मला फक्त वारा गेलाय अंगावरून." २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. ही संख्या वाचली की मला त्या आठजणी आठवतात. गणना करणाऱ्याला त्यांनी काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे.

वरळीच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक मावशी होत्या. वय ६७. अकरा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आलेला, डावी बाजू गेलेली. बोलणं मात्र स्वच्छ. मी विचारलं, "मावशी, अकरा वर्षांत किती वेळा खाली गेलात?" मला वाटलं होतं, 'कुणाला आठवतंय' असं म्हणतील. त्यांनी उजव्या हाताच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. तीन वेळा मतदान. सात वेळा दवाखाना. मुलीचं लग्न. नातवाचं बारसं. मालकांचं मयत. चार वेळा गणपती. एकदा बँकेत, जिवंत आहे ते दाखवायला. "अठरा," त्या म्हणाल्या. "आणि एकदा जिना धुताना कुणी पडलं म्हणून सगळे धावले, तेव्हा मी आठ पायऱ्या बसत बसत उतरले होते. ती धरायची का?" मी म्हटलं, धरायची.

प्रबंधात एक प्रकरण चाळीतल्या शेजारधर्मावर लिहायचं माझं ठरलेलं होतं. चार पोरं प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय धरून मावशींना उचलून नेतात, ते मी स्वतः पाहिलं होतं. कुणी पैसे मागत नाही, कुणी कुरकुरत नाही. मी मसुदाही केला होता, जरा भारावून. फ्लॅट संस्कृतीत हे कुठून येणार, वगैरे. तो मी मावशींना सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"पोरं चांगली आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यांच्याबद्दल वाईट लिहू नकोस. पण तुला सांगते, उचलतात ना, तेव्हा मी डोळे मिटून घेते. साडी वर जाते, पदर सरकतो, मला एका हाताने काय काय धरता येणार? विसर्जनाच्या दिवशी त्यांनी मला चारला खाली नेऊन बसवलं. सहाला मला जायला लागलं. पोरं मिरवणुकीत. मी साडेदहापर्यंत बसले. म्हणून आता खाली जायचं असलं की मी सकाळपासून पाणीच पीत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "नेतात तेच, आणतात तेच. कधी ते पण तेच ठरवतात."

मला इंग्लंडमधले ते रहिवासी आठवले, झोपण्याच्या वेळेवरून भांडणारे. आणि अर्ज करणारा माझा मित्र. वहीत मी लिहिलं, 'पाणी पीत नाही', आणि पुढे काही सुचेना. घरी येऊन मी शेजारधर्माचं प्रकरण फाडलं नाही, पण ते नव्याने लिहिलं.

ते नवं प्रकरण मी आईला वाचून दाखवलं. इंग्रजीतलं, मराठी करत करत. आई आता माझ्याकडे भांडुपला असते, तळमजल्यावर. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चांगलं लिहिलंयस. उचलणारे ठरवतात, हे खरं आहे." दोन-तीन काड्या मोडल्या. "पण ती पोरं चार होती. मी एकटी होते. संपात घरी पैसा नाही, सकाळी बारा माणसांचे डबे करून पोचवायचे, मग तुला कडेवर घेऊन जिना उतरायचा, बसला उभं राहायचं, हाजीअली, परत जिना. तू दहा वर्षांची होईस्तोवर. मला कधी कुणी विचारलं, आज नेतेस का उद्या? तू 'खाली जाते' म्हणालीस की मी कशाला विचारायचे, ते तुझ्या पायासाठी नाही गं. माझ्या कमरेसाठी. तुमच्या अभ्यासात कमरेला काय म्हणतात?"

मला तिच्याजवळ बसता येईना आणि उठताही येईना. अमेरिकन तत्त्वज्ञ इव्हा किटे यांचं लेखन त्याच सत्रात आम्हाला होतं. त्या स्वतः तीव्र अपंगत्व असलेल्या मुलीच्या आई. काळजी घेणाऱ्या माणसाची काळजी घेणारं कुणी असणं हा न्यायाचा प्रश्न आहे, असं त्या मांडतात. मी ते वाचलं होतं, अधोरेखित केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. आईची कंबर मात्र त्यात दिसली नव्हती. मी पट्टा बांधलेल्या तिच्या कमरेकडे बघत राहिले. "काही म्हणत नाहीत," मी म्हणाले, "पण मी लिहीन." प्रबंधात ते आलं, साडेतीन पानं. तोंडी परीक्षेत त्याच पानांवर सगळ्यात जास्त चर्चा झाली. मी तिला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पट्टा नवा आणायचाय, तेवढं बघ."

वरळीच्या चाळींच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फूट, चाळीस मजली इमारत. मावशी त्यात होत्या, तेविसाव्या मजल्यावर. माझा प्रबंध तोवर देऊन झाला होता, पण दिवाळीच्या आधी एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. मुलाने चाकाची खुर्ची आणली होती. एका हाताने चाक ढकलायचं, त्याच बाजूच्या पायाने जमीन मागे सारायची, असं करत मावशी घरभर फिरून मला सगळं दाखवत होत्या. संडास घरात, दांडा लावलेला. दाराला उंबरठा नाही. मुलाला लाकडी उंबरठा बसवायचा होता, लक्ष्मी कुठून येणार म्हणून. मावशींनी साफ नकार दिला होता. उंबऱ्याच्या जागी सुनेने रंगाने एक रेघ ओढून तिच्यावर पावलं काढली होती.

सून म्हणाली, इथे कुणाचं दार उघडं नसतं, चाळीत दिवसभर माणसांची ये-जा होती, आईंना करमत नसेल. मावशी म्हणाल्या, "करमत नाही, खरं आहे. लिफ्ट बंद पडली तर काय, ती पण भीती आहे. तिसऱ्या मजल्याला निदान चार पोरं होती, तेविसाव्याला कोण येणार?" हे सांगताना त्यांचा आवाज गंभीर होता, आणि मी ते हलकं करायचा प्रयत्न केला नाही. चहा झाला. सून आत गेल्यावर त्या खुर्ची माझ्याजवळ सरकवून हळू आवाजात म्हणाल्या, "परवा रात्री मी खाली गेले होते."

"कुणाबरोबर?"

"एकटीच. सगळी झोपली होती. साडेदहा वाजले असतील. बटण दाबलं, लिफ्ट आली, गेले."

"मावशी! इतक्या रात्री? कशाला?"

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं. दोन वर्षं शिकून, पदवी घेऊन, त्यांच्या पेरांवरचे अठरा आकडे वहीत उतरवून घेऊन, मी तोच प्रश्न विचारला होता. मावशींच्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. त्या खिडकीतून खाली बघत होत्या. तेविसाव्या मजल्यावरून माणसांचे भांगसुद्धा दिसत नाहीत.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "उगाच."